भांड्यातील पहारेकरी : कथिल



नांदुऱ्यात कोणालाही विचारा, "तुमच्या घरावर छप्पर कशाचे आहे?" पुष्कळजण सांगतील, "टिनाचे." आपल्या वऱ्हाडात घरावरच्या पन्हाळीदार पत्र्यांना सर्रास 'टिना' असेच म्हणतात. आता गंमत पाहा. या टिनांमध्ये टिन नावाचा धातू औषधालाही नसतो! तो असतो लोखंडाचा पत्रा, आणि त्याच्यावर लेप असतो जस्ताचा. खरे टिन पाहावयाचे असेल, तर मान वर करू नका, स्वयंपाकघरात चला. गोडेतेलाच्या १५ किलोच्या चौकोनी डब्याच्या पत्र्यावर ते आहे. आजीच्या जुन्या पितळी पातेल्याला आतून जी पांढरी झिलई दिसते, ती म्हणजेही टिनच. टिन या धातूला मराठीत आपण कथिल म्हणतो. संस्कृतात त्याला त्रपु आणि वंग अशी नावे आहेत.

हा धातू फार जुना आणि ओळखीचा आहे, म्हणून त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. परंतु त्याच्या एका पातळ थरावर कधीकाळी आपल्या घरातील तान्ह्या बाळांचे आरोग्य अवलंबून होते, असे सांगितले तर तुम्हाला नवल वाटेल. ती हकिकत पुढे येणारच आहे. तत्पूर्वी या धातूची नीट ओळख करून घेऊ या.

कथिलाचे गुणधर्म

कथिलाचा अणुक्रमांक ५० आणि अणुभार सुमारे ११८.७ आहे. लॅटिनमधील 'स्टॅनम' या नावावरून त्याची संज्ञा 'एस-एन' अशी ठरली. कथिलाचे १० स्थिर समस्थानिक आहेत. इतके स्थिर समस्थानिक दुसऱ्या कोणत्याही मूलद्रव्याला नाहीत.

हा धातू चांदीसारखा पांढरा आणि चकचकीत दिसतो. नांदुऱ्याजवळचे खामगाव चांदीच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे. तेथील चांदीचा एक तुकडा आणि तेवढ्याच आकाराचा कथिलाचा तुकडा दोन हातांत घेतला, तर डोळ्यांची फसगत होईल, पण हातांची होणार नाही. चांदीची घनता दर घन सेंटिमीटरला १०.५ ग्रॅम आहे, तर कथिलाची केवळ ७.३ ग्रॅम. दोहोंच्या द्रवणांकांत तर जमीन-अस्मानाचे अंतर आहे. चांदी वितळावयास ९६२ अंश सेल्सिअस तापमान लागते, कथिल २३२ अंशांनाच वितळते. उकळावयास मात्र त्याला सुमारे २,६०० अंश लागतात. म्हणजे द्रवरूपात ते फार मोठ्या तापमान-पल्ल्यात राहू शकते. हा गुण लक्षात ठेवा, त्याचा उपयोग आपण पुढे पाहणार आहोत.

कथिल मऊ आहे. ठोकून त्याचा पातळ वर्ख करता येतो. शुद्ध कथिलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली, तर करकर असा बारीक आवाज येतो. त्याला 'कथिलाचे रडणे' म्हणतात. कांडी वाकताना आतील स्फटिकांची रचना एकाएकी फिरते आणि त्यांतून हा आवाज निघतो.

कथिलाची दोन प्रमुख अपरूपे आहेत. आपण नेहमी पाहतो ते पांढरे कथिल. तापमान सुमारे १३ अंशांच्या खाली गेले आणि दीर्घकाळ तसेच राहिले, तर त्याचे हळूहळू करड्या, ठिसूळ भुकटीत रूपांतर होऊ शकते. करड्या कथिलाची घनता ५.८ च्या आसपास असते, म्हणून रूपांतर होताना ते फुगते आणि वस्तूचा चुरा होतो. युरोपातील थंड चर्चमधील ऑर्गन वाद्याच्या कथिली नळ्यांना हा 'रोग' लागलेला लोकांनी पाहिला होता. मग आपल्याकडे, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, कल्हईची भुकटी का होत नाही? उत्तर सोपे आहे. आपल्याकडे काही रात्री पारा १३ अंशांच्या खाली उतरतो हे खरे, परंतु सकाळी उन्हे वर आली की तो पुन्हा चढतो. हे रूपांतर तर अतिशय मंद असते. शून्याच्या खाली बराच काळ तापमान राहिले, तरच ते वेग घेते. त्यातून कथिलात थोडे शिसे किंवा अँटिमनी मिसळलेले असले, तर ते जवळजवळ थांबतेच.

खाणीपासून डब्यापर्यंत

कथिलाचे मुख्य खनिज म्हणजे कॅसिटेराइट. हे कथिल डायऑक्साइड असते. भट्टीत कोळशाबरोबर ते तापवले, की कोळसा त्यातील ऑक्सिजन काढून घेतो :

कथिल डायऑक्साइड + कार्बन → कथिल + कार्बन मोनॉक्साइड

चीन, इंडोनेशिया, म्यानमार आणि पेरू हे कथिलाचे मोठे उत्पादक देश आहेत. आपल्या देशात हे खनिज छत्तीसगडमधील बस्तर-दंतेवाडा भागात सापडते.

उत्पादन झालेल्या कथिलाचा मोठा वाटा आज डाख म्हणजे सोल्डर तयार करण्यासाठी जातो. रेडिओ, दूरदर्शन संच, मोबाइल यांच्या आतील हिरव्या पाटीवर जे चकचकीत ठिपके दिसतात, ते डाखाचे. पूर्वी यासाठी ६३ टक्के कथिल आणि ३७ टक्के शिसे यांचे मिश्रण वापरीत. कथिल २३२ अंशांना वितळते, शिसे ३२७ अंशांना. पण हे मिश्रण दोघांपेक्षाही कमी, म्हणजे १८३ अंशांना वितळते. शिसे विषारी असल्यामुळे युरोपीय संघाने २००६ पासून विद्युत उपकरणांत त्याच्या वापरावर निर्बंध घातले. तेव्हापासून कथिल, चांदी व तांबे यांच्या मिश्रणाचा डाख मोठ्या प्रमाणात वापरला जातो. तो सुमारे २१७ अंशांना वितळतो.

तांब्यात कथिल मिसळले की कासे तयार होते. देवळातील घंटा आणि पायाला तूप लावून घासावयाची काशाची वाटी, ही दोन्ही याच कुळातील. चांगल्या काशात ७८ भाग तांबे व २२ भाग कथिल असते. दोन मऊ धातू एकत्र आले आणि कठीण, खणखणीत मिश्रधातू तयार झाला, हे रसायनशास्त्रातील एक मोठे नवलच होय.

खिडकीची सपाट काचसुद्धा कथिलाचे ऋण मानते. १९५९ साली इंग्लंडमधील पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलाच्या तळ्यावर वितळलेली काच तरंगत ठेवून सपाट करण्याची पद्धत जाहीर केली. कथिल काचेपेक्षा जड आहे, म्हणून काच वर तरंगते. काच घट्ट होण्याच्या तापमानालाही कथिल द्रवच राहते आणि काच तापलेली असताना ते उकळत नाही. मघाशी लक्षात ठेवावयास सांगितलेला गुण तो हाच!

आता तेलाच्या डब्याकडे वळू. डबा लोखंडाचा म्हणजे पोलादाचा असतो आणि त्यावर कथिलाचा लेप असतो. हा लेप किती जाड असेल? एक हिशोब करू. काही प्रकारच्या पत्र्यांवर एका बाजूस दर चौरस मीटरला २.८ ग्रॅम कथिल चढवतात. २.८ ला ७.३ या घनतेने भागले, की ०.३८ घन सेंटिमीटर हे आकारमान मिळते. ते एका चौरस मीटरवर पसरले, तर जाडी येते मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही निम्म्याहून कमी! आपला केस त्याच्या शंभरपटीहून अधिक जाड असतो. एवढ्याशा थराने डबा गंजावाचून टिकतो. भारतात असा पत्रा तयार करण्यासाठी १९२० साली टिनप्लेट कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि जमशेदपूरजवळ गोलमुरी येथे तिचा कारखाना उभा राहिला.

कल्हईचे रसायन

डब्याआधी कित्येक शतके आपल्याकडे हेच काम कल्हई करीत होती. पूर्वी गावोगावी कल्हईवाला फिरत असे. जमिनीत खळगा करून तो कोळशाची भट्टी पेटवी, भाता चालवी आणि वाळू किंवा आम्लाने घासून स्वच्छ केलेले पातेले तिच्यावर धरी. पातेले तापले की तो त्यात नवसागराची पूड टाकी, पांढरा धूर उठे, मग कथिलाची कांडी आत टेकवी आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेले कथिल भराभर सगळीकडे पुसून घेई. क्षणात पिवळे पातेले आतून चांदीसारखे होई. शेवटी ते पाण्यात बुडवले की चर्र असा आवाज!

यातील प्रत्येक पायरीला शास्त्रीय कारण आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. ते तापले की पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर येतो आणि त्या थराला कथिल चिकटत नाही. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. उष्णतेने त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड या दोन वायूंत विघटन होते. हायड्रोजन क्लोराइड ऑक्साइडचा थर खाऊन टाकतो आणि निखळ धातू उघडा पडतो :

तांब्याचे ऑक्साइड + हायड्रोजन क्लोराइड → तांब्याचे क्लोराइड + पाणी

वर गेलेले वायू थंड हवेत पुन्हा एकत्र येऊन नवसागराचे सूक्ष्म कण होतात. तोच तो पांढरा धूर. निखळ झालेल्या पृष्ठभागावर वितळलेले कथिल नुसते पसरत नाही, तर तांब्याशी संयोग पावून मध्ये एक पातळ जोडथर तयार करते. म्हणून कल्हई रंगासारखी पोपडे धरून निघत नाही, ती झिजून जाते.

पहारा कशासाठी?

बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले, तर ते 'कळकते', हे तुमच्या आजीला ठाऊक असते. त्याला हिरवट रंग आणि तुरट, ओशट चव येते. कोणी ते खाल्ले, तर मळमळते आणि उलट्या होतात. आंबट पदार्थातील आम्ल आणि हवेतील ऑक्सिजन यांच्या संयुक्त हल्ल्याने तांबे विरघळते व त्याची हिरवी-निळी लवणे अन्नात उतरतात. भांड्याच्या कडेला जमणारे हिरवे जंगाल तेच.

आंबट पदार्थ निदान कळकल्याची सूचना देतात. दूध मात्र गुपचूप तांबे घेते. दुधातील केसिन नावाचे प्रथिन तांब्याचे आयन धरून ठेवते. रंग बदलत नाही, चवीत विशेष फरक कळत नाही. आणि येथेच आपल्या हकिकतीला आरंभ होतो.

भारतात लहान मुलांना यकृताचा एक असाध्य वाटणारा रोग होत असे. साधारणपणे सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांचे पोट फुगे, यकृत कठीण होई, कावीळ होई आणि बहुतेक मुले दगावत. वैद्यकात त्याला 'भारतीय बालकांचा यकृत-काठिण्य रोग' असे नाव पडले. कित्येक वर्षे त्याचे कारण उमगत नव्हते. कोणी विषाणूवर संशय घेतला, कोणी कुपोषणावर. पुढे असे आढळले, की या मुलांच्या यकृतात तांब्याचा प्रचंड साठा असतो. निरोगी यकृताच्या १ ग्रॅम कोरड्या ऊतकात तांबे साधारणपणे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असते. या बालकांत ते हजार मायक्रोग्रॅमच्याही पलीकडे गेलेले दिसे.

एवढे तांबे आले कोठून? हा प्रश्न पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी, तसेच ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी हाती घेतला. १९८३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यांनी बोट दाखवले ते दुधाच्या भांड्याकडे! तान्ह्या बाळाला लवकर वरचे दूध सुरू करावयाचे आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवावयाचे व ठेवावयाचे, अशी पद्धत अनेक घरांत होती. १९८७ साली आजारी मुलांच्या आणि निरोगी मुलांच्या आहाराची तुलना प्रसिद्ध झाली, तिनेही याच संशयाला बळकटी आणली.

येथे कोणी विचारील, की त्याच भांड्यातील दूध घरातील मोठी माणसे पीत, त्यांना काही का झाले नाही? विचार करा. मोठ्या माणसाच्या आहारात दूध हा एक लहान भाग असतो. बाळाचा तो सगळा आहार असतो. शिवाय यकृत जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्या बाळाची ही यंत्रणा अजून पुरती तयार झालेली नसते आणि जन्मतःच त्याच्या यकृतात तांब्याचा साठा असतो. त्यात रोज भर पडत गेली, तर तो उपसावयाचा कसा? काही मुलांत आनुवंशिक दुबळेपणाही असावा, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. कारण त्याच प्रकारच्या घरांतील सगळीच मुले आजारी पडत नव्हती.

असाच पुरावा फार दूरच्या देशातून मिळाला. ऑस्ट्रियाच्या टिरोल या डोंगराळ भागात १९०० ते १९७४ या काळात अशाच रोगाने १३८ बालके दगावली होती. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की तेथील शेतकरी कुटुंबांत बाळाचे दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात शिजवीत असत. ही भांडी गेली आणि रोगही गेला. आपल्याकडेही तसेच घडले. पुणे जिल्ह्यात डॉक्टरांनी आयांना बाळाच्या दुधासाठी पितळी भांडी न वापरण्याविषयी समजावले, घरोघरी स्टेनलेस स्टील आले, आणि एके काळी रुग्णालयांत नेहमी दिसणारा हा रोग दुर्मिळ झाला. तांबे बांधून शरीराबाहेर काढणारे पेनिसिलामाइन हे औषधही उपयोगी ठरले, पण ते रोगाच्या आरंभीच दिले तर.

आता 'पहारेकरी' हा शब्द का वापरला, ते ध्यानात आले असेल. भांड्याला चांगली कल्हई असेल, तर दूध आणि तांबे यांची गाठच पडत नाही. कल्हई झिजली आणि ती वेळेवर पुन्हा केली नाही, की पहारा उठतो. म्हणूनच नीट कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत अन्न ठेवू नये, असा दंडक आपल्या अन्नविषयक नियमांतही आहे.

पहारेकरीच चोराला मिळाला तर?

पितळी भांडी आता पुन्हा हौसेने घरांत येऊ लागली आहेत. तेव्हा एक गोष्ट प्रत्येकाने जाणून घेतली पाहिजे. कथिल महाग आहे, शिसे स्वस्त आहे. दोन्ही वितळून सहज मिसळतात, मिश्रण कमी तापमानाला वितळते, भांड्यावर भरभर पसरते आणि दिसतेही पांढरे. त्यामुळे कल्हईत शिशाची भेसळ करण्याचा मोह होतो. अशी कल्हई म्हणजे पहारेकऱ्यानेच चोराला आत घेणे होय. आंबट पदार्थात शिसे विरघळते. शिसे शरीरात साठते आणि मुलांच्या वाढत्या मेंदूला इजा करते. रक्तातील शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक, असे आज कोणीही शास्त्रज्ञ सांगत नाही. म्हणून कल्हई करवून घेताना शुद्ध कथिलाचाच आग्रह धरावा. भेसळ ओळखण्याची एक साधी रीत लेखाच्या शेवटी दिली आहे.

कथिल स्वतः विषारी आहे काय?

याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, आणि रसायनशास्त्राचा मोठा धडा येथेच आहे. कथिलाचा कोणता अवतार आपल्यासमोर आहे, यावर सारे अवलंबून असते.

धातुरूप कथिल आणि त्याची साधी अकार्बनी संयुगे फारशी विषारी नाहीत. पोटात गेलेल्या अकार्बनी कथिलापैकी अगदी थोडा भाग शरीरात शोषला जातो, बाकीचे तसेच बाहेर पडते. कथिल ऑक्साइडची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे घेणाऱ्या कामगारांच्या क्ष-किरण चित्रात फुप्फुसांवर ठळक छाया दिसतात, परंतु त्या मानाने त्यांच्या श्वसनात बिघाड दिसत नाही. मात्र डबाबंद फळे किंवा रस यांत कथिल फार उतरले, तर मळमळ, उलट्या, पोटात कळा हे त्रास होतात. बहुधा ते लवकर थांबतात. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने डबाबंद अन्नासाठी दर किलोग्रॅमला २५० मिलिग्रॅम आणि डबाबंद पेयांसाठी १५० मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा घातली आहे. डबा उघडल्यावर हवा आत जाते आणि कथिल अधिक वेगाने विरघळू लागते. म्हणून उरलेला पदार्थ डब्यातच न ठेवता काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढावा.

स्टॅनस क्लोराइड हे संयुग कापड रंगवताना रंगबंधक म्हणून वापरतात. ते उत्तम क्षपणकही आहे. नवी मुंबईत वाशी येथे असलेले विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ रुग्णालयांना टेक्नेशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याने हाडे, हृदय, मूत्रपिंडे यांची तपासणी करण्याचे संच पुरवते. अशा संचांत टेक्नेशियमचे क्षपण करण्यासाठी किंचित स्टॅनस क्लोराइड असते. स्टॅनस फ्ल्युओराइड दात किडू नयेत म्हणून काही टूथपेस्टमध्ये घालतात.

याउलट स्टॅनिक क्लोराइड हा धुमसणारा द्रव आहे. दमट हवेत त्यातून आम्लाचे धूर निघतात आणि ते डोळे व घसा जाळतात. कथिल व हायड्रोजन यांचे स्टॅनेन हे संयुग तर विषारी वायू आहे.

आणि सर्वांत घातक कोण? कथिलाला कार्बनी गट जोडलेली संयुगे. अशी संयुगे स्निग्ध पदार्थांत विरघळतात, त्यामुळे पेशींच्या पटलांतून ती सहज आत शिरतात. १९५४ साली फ्रान्समध्ये गळवांवरील 'स्टॅलिनॉन' नावाचे औषध बाजारात आले. त्यात कथिलाचे कार्बनी संयुग होते आणि त्याबरोबर ट्रायएथिल टिन हे जहाल विष अशुद्धीच्या रूपाने आले होते. त्याने मेंदूला सूज येऊन सुमारे १०० माणसे मरण पावली.

दुसरे उदाहरण समुद्रातील. जहाजाच्या तळाला शंख-शिंपले चिकटू नयेत, म्हणून १९६० नंतर ट्रायब्युटिल टिन मिसळलेले रंग वापरात आले. जहाजे स्वच्छ राहिली, पण रंगातून पाझरणाऱ्या विषाने किनाऱ्यावरील जीव हैराण झाले. फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरात कालवांची पैदास कोसळली आणि त्यांचे शिंपले वेडेवाकडे वाढू लागले. समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रिये फुटू लागली, तीही पाण्यात या विषाचे अतिसूक्ष्म प्रमाण असताना! फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर या रंगांना बंदी केली. २००४ साली गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील पाणी, गाळ आणि प्राणी यांत या जातीची संयुगे आढळल्याचे प्रसिद्ध केले. अखेर १७ सप्टेंबर २००८ पासून जहाजांवरील अशा रंगांना बंदी करणारा आंतरराष्ट्रीय करार अमलात आला.

एकच मूलद्रव्य, पण एका रूपात ते बाळाच्या दुधाचे रक्षण करते आणि दुसऱ्या रूपात समुद्र नासवते. म्हणून "कथिल चांगले की वाईट?" असे न विचारता "कोणते संयुग, किती प्रमाणात, कोठे?" असे विचारावयास शिका.

करून पाहा

*१. डबा केव्हा गंजतो?* तेलाच्या रिकाम्या डब्याच्या पत्र्याचे दोन लहान तुकडे शिक्षकांकडून कापून घ्या. कडा धारदार असतात, हात सांभाळा. रंग नसलेली बाजू घ्या. एका तुकड्यावर खिळ्याने खोल रेघा ओढा, दुसरा तसाच ठेवा. कापलेल्या कडांना मेण लावा. दोन्ही तुकडे मिठाच्या पाण्याने भिजवलेल्या कापडावर चार-पाच दिवस ठेवा. रेघांमध्ये तांबडा गंज दिसेल. लोखंड कथिलापेक्षा अधिक क्रियाशील आहे, म्हणून ओरखडा पडला की कथिलाऐवजी लोखंडच आधी झिजते. घरावरच्या 'टिनां'चे उलट असते. जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील, म्हणून ओरखडा पडला तरी जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातील गावांचे पाणी मिळाले, तर मिठाच्या पाण्याऐवजी ते आणि दुसरीकडे गोडे पाणी घेऊन हाच प्रयोग पुन्हा करा.

*२. कल्हईच्या कथिलाची परीक्षा.* कल्हईची कांडी अचूक तोला. मग मोजपात्रात पाणी घेऊन ती पूर्ण बुडवा आणि पाणी किती मिलिलिटर वर चढले ते पाहा. वजनाला त्या आकड्याने भागले की घनता मिळेल. शुद्ध कथिलाची घनता ७.३ आणि शिशाची ११.३ आहे. १४६ ग्रॅमची शुद्ध कांडी २० मिलिलिटर पाणी सारील. तिच्यात ३० टक्के शिसे असेल, तर घनता सुमारे ८.२ येईल आणि पाणी जेमतेम १८ मिलिलिटर चढेल. हा फरक शाळेच्या मोजपात्रात सहज दिसतो. १० टक्के भेसळ असेल तर घनता ७.६ च्या आसपास येते, आणि ती पकडावयास याहून बारीक मोजमाप लागेल. तेव्हा या परीक्षेत मोठी चोरी सापडते, लहान चोरी निसटू शकते, हे विसरू नका. शिसेमिश्रित कांडी पांढऱ्या कागदावर घासली, तर बहुधा करडी रेघ उमटते. प्रयोगानंतर हात साबणाने धुवा. कांडी घरी किंवा वर्गात वितळवू नका.

घरी सांगण्यासाठी

कल्हईखालची पिवळी किंवा तांबडी झाक दिसू लागली, की ते भांडे शिजवण्याच्या कामातून बाजूला काढा आणि कल्हई करून घ्या. कल्हईचे भांडे रिकामे तापवू नका, कारण २३२ अंशांना कथिल वितळते. तारेच्या घासणीने ते खरवडू नका. आणि तान्ह्या बाळाला पहिले सहा महिने आईचेच दूध द्यावे. पुढे वरचे दूध सुरू केले, की ते स्टीलच्या भांड्यात तापवावे.

विचार करा

१. फळांच्या बंद डब्याच्या आत कथिल आधी विरघळते आणि लोखंड सुरक्षित राहते. पहिल्या प्रयोगात नेमके उलटे झाले. हा फरक का पडला असेल? (सूचना : बंद डब्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो आणि फळांतील आम्ले कथिलाचे आयन घट्ट बांधून ठेवतात.)

२. कथिलाचा द्रवणांक ९०० अंश असता, तर कल्हईवाल्याचे काम कसे बदलले असते? पितळ साधारण ९०० ते ९४० अंशांना वितळू लागते, हे ध्यानात घ्या.

३. तुमच्या घरातील किती भांड्यांना आज कल्हई आहे? तुमच्या आजीच्या लग्नात किती होती? दोन्ही आकडे वहीत लिहा आणि वर्गात एकत्र करून त्यांचा तक्ता भिंतीवर लावा. तुमच्या गावातील दोन पिढ्यांत स्वयंपाकघर किती बदलले, ते त्या तक्त्यावरून दिसेल.